भंगारातले ब्रेक कॅलिपर घरी खोलून नीट केले (आणि मधे एकदा आपटलो)

धुळाक्षर

नमस्कार मंडळी. गेला महिनाभर गाडीचं पुढचं उजवं चाक तापत होतं. फिरून आलं की रिमजवळ हात नेववत नसे, डावं मात्र थंडगार. गाडी जॅकवर घेऊन चाक हाताने फिरवलं तर अर्ध्या फेरीतच अडायचं. कॅलिपर (चाकाच्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडने आवळणारा भाग) जाम आहे हे सांगायला मेकॅनिक नको होता. मोडीत निघालेल्या त्याच मॉडेलच्या एका गाडीचे पुढचे दोन्ही कॅलिपर ब्रॅकेटसकट हाती लागले, तेव्हा ठरवलं की घरीच खोलून, साफ करून, नवं सील किट टाकून बसवायचे. काय काय केलं ते लिहितोय. चुकलं असेल तिथे झोडा. ब्रेकचा मामला आहे, भीड ठेवू नका.

आधी कबुली. पहिले दोन तास मी भलत्याच जागी घालवले. वायर ब्रश घेऊन कॅलिपरची पाठ घासत बसलो. गंज निघतोय, खालून राखाडी बीड उघडं पडतंय, फार समाधान वाटत होतं. पण पाठ गंजलेली असो की चकचकीत, ब्रेकला त्याचं सोयरसुतक नाही.

खरी घाण ब्रॅकेटमध्ये, म्हणजे पॅड धरून ठेवणाऱ्या चौकटीत निघाली. पॅडचे कान ज्या खाचांत मागेपुढे सरकतात तिथे स्टीलच्या पातळ क्लिपा असतात. वरून बघताना क्लिपा नव्यासारख्या दिसत होत्या. स्क्रूड्रायव्हरने एक उचकटली आणि खालून गंजाची अखंड खपली हातात आली, नखाएवढी जाड. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ धातूपेक्षा जास्त जागा खातो, त्यामुळे क्लिप आतून उचलली जाते आणि पॅडचा कान चिमटीत धरल्यासारखा आवळला जातो. ब्रेक सोडला तरी पॅड मागे सरकत नाही, डिस्कला घासत राहतो. सपाट कानस घेऊन खाचा साफ केल्या, पण गंजापुरत्याच. चांगला धातू दिसला की हात थांबवला. नव्या क्लिपा बसवल्यावर पॅड बोटाने ढकलून सरकला पाहिजे, हातोडी लागता कामा नये.

मग कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या पिना. दोनपैकी एका पिनचं रबरी बूट फाटलेलं, आत पाणी गेलेलं, ग्रीसचं मेण झालेलं. ती पिन पक्कडीने गोल फिरवत फिरवत काढावी लागली. भोक साफ करायला बारीक गोल ब्रश वापरला, नंतर कापडाची वात करून आरपार फिरवली, वात स्वच्छ निघेपर्यंत.

पिस्टन (तेलाच्या दाबाने पॅड ढकलणारा) काढताना होजच्या, म्हणजे ब्रेक ऑईलच्या नळीच्या भोकातून सायकलच्या पंपाने हवा भरली. समोर लाकडाचा ठोकळा आणि वर जुनं पांघरूण. एक पिस्टन ‘फट्’ करून ठोकळ्यावर आला. आवाज ऐकून कळलं की तिथे बोट असतं तर काय झालं असतं. दुसरा मात्र हलायला तयार नाही.

आता प्रश्न दोन:
१. अडकलेला पिस्टन कसा काढू?
२. निघालेल्या पिस्टनमागच्या भिंतीवर, म्हणजे कॅलिपरच्या सिलिंडरमध्ये, दोन-तीन काळे डाग आहेत. नखाला किंचित खड्डा लागतो. कॅलिपर बाद समजायचा का?

जुना_पाना

पंपाने हवा मारलीत, नशीब ठोकळा ठेवलात. हवा दाबली जाते आणि सुटली की स्प्रिंगसारखी उसळते. द्रवाचं तसं नाही. पिस्टन केसभर पुढे आला की दाब उतरतो, पुन्हा पेडल मारलं की पुन्हा केसभर. म्हणून अडकलेला पिस्टन नेहमी पेडलने काढायचा.

तो कॅलिपर तुमच्याच गाडीच्या होजला जोडा, हवा काढून टाका आणि कोणाला तरी हळूहळू पेडल दाबायला सांगा. बाकीच्या चाकांचे ब्रेक जोडलेले हवेत, नाहीतर तिकडचे पिस्टन बाहेर येऊन बसतील. ब्रेक ऑईलच्या टाकीतलं तेल संपू देऊ नका. खाली ट्रे ठेवा, कारण शेवटी सगळं भळकन सांडतं. ब्रेक ऑईल गाडीच्या रंगावर उडालं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर रंग सोलून निघतो.

पिस्टनला पक्कड लावायची नाही. बाहेरच्या अंगाला एक ओरखडा आला की तो पिस्टन गेला. आतल्या पोकळीत पकड घेता येत असेल तर घ्या.

आणि गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली बसू नका. स्टँड लावा.

काठावरचा

माझं मत पटणार नाही, तरी लिहितो. म्युझिक सिस्टीम घरी खोला, सीट कव्हर घरी शिवा. ब्रेक? ते बिघडले तर तुमच्या एकट्याचं नुकसान होत नाही, समोरून रस्ता ओलांडणाऱ्याचंही होतं. भंगारातला कॅलिपर कुठल्या परिस्थितीतून आलाय ते तुम्हाला माहीत नाही. पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी असेल, जळालेली असेल. तयार रिकंडिशन केलेला किंवा नवा का घेत नाही?

धुळाक्षर

@काठावरचा, मुद्दा बरोबर आहे आणि म्हणूनच इथे लिहितोय, गुपचूप करून मोकळा झालो नाही. पण तयार मिळणारा रिकंडिशन कॅलिपर म्हणजे तरी काय? कुणीतरी हेच केलेलं असतं, फक्त वर रंग मारलेला असतो. आत काय केलंय ते मला दिसत नाही. इथे निदान दिसतंय.

स्पॅनरवाली

काठावरच्यांशी अर्धी सहमत. ज्याला कुठला भाग फेकायचा ते कळत नाही, त्याने हा उद्योग करू नये. पण तुमचा दुसरा प्रश्न ऐकून वाटतंय की तुम्हाला कळेल, म्हणून सविस्तर लिहिते.

डाग कुठल्या पृष्ठभागावर आहे यावर सगळं ठरतं. स्वतःला एकच विचारायचं: सील कशावर घासतं?

डिस्क ब्रेकच्या कॅलिपरमध्ये चौकोनी काटछेदाचं रबरी सील भिंतीत कोरलेल्या खोबणीत बसलेलं असतं. ते जागचं हलत नाही, पिस्टन त्याच्यातून सरकतो. म्हणजे तेल अडवलं जातं ते पिस्टनच्या बाहेरच्या अंगावर. त्यामुळे पिस्टनच्या क्रोमवर खड्डा असेल तर पिस्टन बाद, विषय संपला. पण भिंतीवर, खोबणीच्या बाहेर, एखाद-दुसरा डाग असेल तर तिथे सील टेकतच नाही. तुमच्या वर्णनावरून कॅलिपर वाचेल असं दिसतंय. डाग अगदी बारीक पॉलिश पेपरने तेवढ्यापुरता साफ करा आणि पिस्टन कोरडाच घालून बघा, स्वतःच्या वजनाने अलगद खाली गेला पाहिजे. खड्डा खोबणीच्या आत किंवा तिच्या काठावर असेल तर मात्र मोह आवरायचा.

ड्रम ब्रेकचं व्हील सिलिंडर (चाकातलं) आणि मास्टर सिलिंडर (पेडलने दाबलं जाणारं) यांत बरोबर उलटं असतं. तिथे रबरी कप पिस्टनबरोबर भिंतीवरून सरकतो. म्हणून तिथे भिंतीवर खड्डा चालत नाही. लोक कॅलिपरचा नियम सिलिंडरला लावतात नाहीतर सिलिंडरचा कॅलिपरला, आणि चांगला भाग फेकून वाईट भाग बसवतात.

आता ती खोबणी. तुम्ही तिच्याबद्दल काहीच लिहिलं नाही, म्हणून विचारते, सील काढून तिच्या तळाशी बघितलंत का? तिथे पांढरट-तपकिरी कडक थर जमतो. त्याच्यावर नवं सील बसवलं की ते आतून फुगल्यासारखं होऊन पिस्टनला आवळतं. नवं किट टाकूनही ब्रेक चिकटतो आणि माणूस म्हणतो किटच खराब होतं. ब्रेक दाबल्यावर हे सील पिस्टनबरोबर थोडं पिळलं जातं आणि पेडल सोडलं की पूर्वपदावर येताना पिस्टनला मागे ओढतं, मिलिमीटरचा एखाद-दुसरा दशांश, तेवढंच. कॅलिपरमध्ये पिस्टन मागे घ्यायला वेगळी स्प्रिंग नाही. तो दशांश खोबणीतल्या कचऱ्याने खाल्ला की तुमचं चाक तापलंच.

पितळेचा किंवा लाकडाचा टोकदार तुकडा घेऊन खोबणीचे दोन्ही कोपरे खरवडा. पोलादी दाभण वापरायचाच असेल तर हात हलका ठेवा.

धुळाक्षर

बघितलं नव्हतं. आत्ता बॅटरी घेऊन बघून आलो. दोन्ही कॅलिपरच्या खोबणीत थर आहे, जुन्या बादलीच्या तळाला क्षार बसतात तसा. मी त्यावर सील चढवून मोकळा होणार होतो! बांबूची काडी तासून घेतली आहे, खरवडतोय.

अर्धवट_ज्ञानी

वाचतोय, मजा येतेय. एक बाळबोध प्रश्न. एवढं खरवडण्यापेक्षा सगळं रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवलं तर? इंजिनचे भाग आम्ही असेच धुतो. सकाळी फडक्याने पुसलं की लख्ख.

परीक्षानळी

इथे थांबा. सगळा घोळ आपल्या भाषेतल्या एका शब्दाने केलाय. आपण त्याला ‘ब्रेक ऑईल’ म्हणतो. ते ऑईल नाही हो! डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे ग्लायकॉल जातीचे द्रव आहेत, पाण्यात मिसळतात. त्यांना मानवतील अशी रबरं ब्रेकमध्ये असतात, बहुतेक ठिकाणी ईपीडीएम. या रबराला ग्लायकॉल चालतं, पण खनिज तेलाशी त्याचं उभं वैर आहे. रॉकेल, पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑईल, साधं ग्रीस, यांतलं काहीही लागलं की ते फुगतं, मऊ पडतं आणि खोबणीत मावेनासं होतं. ‘ऑईल’ ऐकून कुणीतरी टाकीत इंजिन ऑईल ओततो आणि मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंतची सगळी रबरं बदलावी लागतात.

सुटा केलेला, एकही रबर नसलेला लोखंडी ब्रॅकेट रॉकेलने धुतलात तर मी भांडणार नाही, पण नंतर साबणाच्या गरम पाण्याने धुऊन त्याचा अंश काढावा लागेल. मग आधीच गरम साबणपाणी का नको? ग्रीस आणि धूळ त्याने उत्तम निघते. नंतर लगेच पुसून, गरम हवेत वाळवायचं. सिलिंडर, खोबणी, तेलाची भोकं यांना शेवटचा हात आयसोप्रोपिल अल्कोहोलचा. सील आणि पिस्टन बसवताना मात्र फक्त ताजं, सीलबंद बाटलीतलं ब्रेक ऑईल (बघा, मीही तोच शब्द वापरला) बोटाने लावायचं.

ताजंच का, तर हा द्रव हवेतलं पाणी शोषतो. डॉट ४ चा उत्कलनांक कोरडा असताना किमान २३० अंश सेल्सिअस, आणि पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ती हमी १५५ वर येते. डॉट ३ ची २०५ वरून १४०. लांब उतारावर सतत ब्रेक दाबला की कॅलिपरमधलं तेल उकळतं, वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला जातं. अर्धी वापरलेली बाटली फडताळात ठेवून पुढच्या वर्षी वापरू नका. डॉट ५ हे नाव ५.१ च्या जवळचं वाटलं तरी तो सिलिकॉनचा द्रव आहे, यात मिसळायचा नाही.

स्प्रेचा ब्रेक क्लीनर वापरत असाल तर डब्यावर बघा. क्लोरीन असलेला प्रकार ज्योतीजवळ किंवा वेल्डिंगजवळ गेला तर फॉस्जिन हा विषारी वायू तयार होतो. क्लोरीन नसलेला प्रकार भडकन पेटतो. दोन्ही उघड्यावर वापरायचे, आणि भाग पूर्ण वाळेपर्यंत वेल्डिंग, सिगारेट, हीटर काहीही जवळ नको.

जुना_पाना

परीक्षानळी यांना अनुमोदन. भर एवढीच की पॅडची काळी भुकटी फुंकून उडवायची नाही. कॉम्प्रेसरने तर अजिबात नाही. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं, ते डोळ्यांना ओळखू येत नाही. पाणी मारून ओलं करा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. आम्ही तरुणपणी तोंडाने फुंकर मारायचो. आमचं ऐकू नका.

अर्धवट_ज्ञानी

बरं, रॉकेल रद्द. मग विजेने गंज काढायची ती युक्ती? बादलीत पाणी, धुण्याचा सोडा, बारा व्होल्टचा चार्जर. घासायचे कष्टच नाहीत. घरात स्टेनलेस स्टीलचा जुना पत्रा पडलाय, तोच दुसऱ्या टोकाला लावतो.

परीक्षानळी

युक्ती चांगली, पत्रा वाईट. स्टेनलेसमध्ये क्रोमियम असतं, ते विरघळून षट्संयुजी क्रोमियम पाण्यात उतरतं. ते कर्करोगकारक आहे आणि बादली ओतायची कुठे हा प्रश्न उरतो. साधं लोखंड लावा, सळईचे तुकडे चालतात. ऋण टोक गंजलेल्या भागाला, धन टोक सळईला. उलटं केलंत तर ब्रॅकेट विरघळेल आणि सळई चकाकेल. हायड्रोजन निघतो, म्हणून मोकळ्या हवेत, आणि चार्जर बंद केल्याशिवाय चिमटे काढायचे नाहीत, ठिणगी पडते.

हे फक्त बिडाच्या किंवा लोखंडी भागांना. ॲल्युमिनियमचा कॅलिपर त्या सोड्याच्या पाण्यात टाकलात तर वीज न लावताही तो काळा पडून खाल्ला जाऊ लागेल. क्रोमचा पिस्टन, स्प्रिंगा, उच्च ताकदीचे बोल्ट यांनाही ही आंघोळ नको. हायड्रोजन पोलादात शिरून ते ठिसूळ होतं. आम्लात बुडवण्यातही तोच धोका.

स्पॅनरवाली

शिवाय बादलीतून निघालेला भाग उघड्या जखमेसारखा असतो, पुसून वाळवून लगेच रंग दिला नाही तर तासाभरात नारिंगी होतो.

रंगावरून आठवलं. रंग देताना सिलिंडर, खोबणी, हवा काढायच्या निपलचं भोक, पिनांची भोकं, होज टेकते ती जागा आणि ब्रॅकेट जिथे गाडीला बसतो तो सपाट भाग, सगळं झाका. लोक लाल रंगाच्या नादात ब्रॅकेटच्या खाचाही रंगवतात. म्हणजे कानशीने जी जागा मोकळी केली ती रंगाने भरली! बोल्टच्या टेकणीवर रंगाचा जाड थर असेल तर कसलेला बोल्ट नंतर सैल पडतो, कारण तो थर दबतो. आणि वाळूच्या मशिनवर द्यायचं असेल तर भोकांत बुचं मारूनच. एक कण आत राहिला तर सीलची वाट लागते.

पिनांना सिलिकॉनचं ग्रीस, पातळ थर. भोक गच्च भरलंत तर मागे हवा कोंडते आणि पिन आत जायलाच तयार होत नाही. काही गाड्यांत पिना कोरड्याच ठेवायच्या असतात, मॅन्युअल बघा. दोन पिनांपैकी एकीला टोकाशी रबराची बाही असेल तर ती वर की खाली हेही बघूनच, दोघींची अदलाबदल चालत नाही.

मौनी

बरेच दिवस नुसता वाचनमात्र आहे. माझ्या गाडीला मागे ड्रम आहेत, त्यांचं हेच करायचंय. डिस्कपेक्षा सोपं की अवघड?

जुना_पाना

बुद्धीला सोपं, बोटांना अवघड. स्प्रिंगा डोळ्यावर उडतात, चष्मा घाला.

पहिला नियम, दोन्ही चाकं एकदम खोलायची नाहीत. एक खोला, दुसरं नमुना म्हणून तसंच राहू द्या. फोटो असले तरी प्रत्यक्षात बघण्यासारखं काही नाही.

ड्रम निघत नसेल तर हातोडीने कडेवर मारत सुटू नका, बीड आहे, टवका उडतो. आधी हँडब्रेक सोडलाय ना ते बघा (हसू नका, मी स्वतः अर्धा तास घालवलाय). आतून ॲडजस्टर (शू आणि ड्रममधलं अंतर राखणारा) सैल करा. पुष्कळ ड्रमच्या तोंडावर दोन आटे पाडलेली भोकं असतात, त्यांत बोल्ट समान पिळत गेलं की ड्रम आपोआप उचलला जातो.

शूज (ड्रमला आतून घासणारे) जिथे मागच्या पत्र्यावर टेकून सरकतात तिथे उंचवटे असतात, साधारण एका बाजूला तीन. तिथे घासून खाच पडली असेल तर शू अडकतो. ते साफ करून उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा नुसता पुसट हात फिरवा. ॲडजस्टरचं चाक सुटं करून आटे ब्रशने धुवा, बोटाने फिरलं पाहिजे. डाव्याचा आणि उजव्याचा ॲडजस्टर बदलू नका, आटे उलट असतात. बदललेत तर ब्रेक घट्ट व्हायच्या ऐवजी दर वेळी सैल होत जातो.

व्हील सिलिंडरचं बूट उचलून बघा. आत ओल असेल तर ते खोला. भिंतीबद्दल स्पॅनरवाली यांनी वर सांगितलंच आहे. ॲल्युमिनियमचं असेल तर होन (आतली भिंत घासायचं हत्यार) मारायचा नाही, वरचा कडक थर निघून जातो. तेलाने भिजलेले लायनर गॅसवर जाळून ‘कोरडे’ करणारे महाभाग आहेत. ते लायनर फेका. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो, आतून मोजा, त्यापुढे गेला असेल तर तोही फेका.

धुळाक्षर

चार दिवसांनी आलो. पिस्टन पेडलने निघाला, पानाकाकांचे आभार. त्याच्या क्रोमवर भाताच्या शिताएवढी जागा सोललेली होती, म्हणून नवा पिस्टन मागवला. खोबण्या स्वच्छ, नवी सीलं, नवी बूटं, होजच्या बोल्टला नवे तांब्याचे वायसर. जुने वायसर दाबून बसलेले असतात, पुन्हा वापरत नाहीत, एवढं वाचलं होतं.

कॅलिपर दोन्ही बाजूंना छान बसले. बोल्ट मॅन्युअलप्रमाणे टॉर्क पान्याने आवळले. आणि आता अडलोय. पेडल स्पंजासारखं आहे. दोन बाटल्या तेल घातलं, प्रत्येक चाकाची तीन-तीन वेळा हवा काढली. निपलमधून एकही बुडबुडा येत नाही, काचेसारखी स्वच्छ धार. तरी पेडल अर्ध्यापर्यंत जातं. दोन-तीनदा भराभर मारलं की वर येतं, सोडून दिलं की पुन्हा स्पंज. गाडी अर्थातच जागची हलवलेली नाही. मास्टर सिलिंडर गेला का?

काठावरचा

मी काही बोलत नाही.

परीक्षानळी

जुन्या गाडीत हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबलंत का? मास्टर सिलिंडरचे कप एरवी भिंतीच्या ज्या भागात कधी जात नाहीत तिथे गंज असतो, त्यावरून घासून ते फाटतात. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवून हवा काढावी ती म्हणूनच. पण भराभर मारल्यावर पेडल वर येतंय, त्यावरून कप फाटण्यापेक्षा हवा कोंडल्याची शंका जास्त.

स्पॅनरवाली

एक विचारू? निपल कॅलिपरच्या वरच्या टोकाला आहे की खालच्या?

धुळाक्षर

थांबा, बघून येतो.

धुळाक्षर

खालच्या. 🤦 दोन्हीकडे.

स्पॅनरवाली

मग डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसलाय. बोल्टांची भोकं सारखी असतात, त्यामुळे बसायला बसतो. हवा वर जाऊन पिस्टनमागे कोपऱ्यात बसलीये आणि तुम्ही तळातून स्वच्छ तेल काढताय. बाटलीच्या तळाला भोक पाडून वरची हवा निघायची वाट बघण्यासारखं आहे. चुकून एकदा मीही केलंय, तुम्हाला आनंद व्हावा म्हणून सांगते. पुन्हा वायसर नवे घ्या.

अर्धवट_ज्ञानी

दोन बाटल्या तेल आणि बारा वेळा पेडल दाबणारा माणूस यांच्या स्मरणार्थ धागा वर आणत आहे.

धुळाक्षर

पेडल दाबणारी माझी मोठी बहीण. तिला अजून खरं कारण सांगितलेलं नाही.

अदलाबदल केली. पहिल्याच प्रयत्नाला उजवीकडून दोन मोठे बुडबुडे, डावीकडून एक, आणि पेडल दगडासारखं कडक. खुणेसाठी आता कॅलिपरच्या आतल्या बाजूला ठोकून ‘डा’ आणि ‘उ’ कोरून ठेवलंय.

डिस्क माझ्याच जुन्या ठेवल्या. मायक्रोमीटरने आठ ठिकाणी मोजल्या, कडेवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा दोन्ही बऱ्यापैकी जाड निघाल्या. पण काढल्याच होत्या म्हणून हबचं तोंड बघितलं, तर गंजाच्या खपल्या. पूर्वी ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरायचं आणि सगळे म्हणायचे डिस्क वाकली. हबवर एका बाजूला खपली राहिली तर डिस्क तिरकी बसते, आणि बाहेरच्या कडेला पोचेपर्यंत तो डोल साधारण दुप्पट होतो. तिरकी डिस्क दर फेरीला त्याच जागी पॅडला चाटते आणि हळूहळू तिथली जाडी वेगळी होते. जाडीत मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याचे एक-दोन फरक पडले तरी पायाला कळतं म्हणे. हब वायर ब्रशने उघडं केलं. डायल गेजवर डोल ०.०४ मिमी आला, मॅन्युअलमध्ये ०.०५ पर्यंत चालतो.

गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत मारलं, मग अंगणातच पुढे-मागे करून बघितलं, मग मोकळ्या रस्त्यावर नवे पॅड डिस्कवर रुळवले: पन्नासच्या वेगावरून दहावर, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा, मधे गार व्हायला वेळ देत. काल अर्धा तास चालवून आलो आणि दोन्ही चाकांजवळ हात नेला. दोन्ही सारखी कोमट.

एकच उरलंय. अगदी हळू जाताना डावीकडून बारीक किर्र येते, ब्रेक दाबला की थांबते.

जुना_पाना

ब्रेक दाबल्यावर थांबते म्हणजे काहीतरी सैल आहे. पॅडच्या मागची पत्र्याची पट्टी नाहीतर क्लिप नीट बसलेली नाही. पॅड झिजल्याची सूचना देणारी जीभ वाकून डिस्कला लागतेय का तेही बघा. आणि उद्या थंड गाडीवर सगळ्या जोडांवरून कोरडा कागद फिरवा. ओल लागली तर गाडी उभी.

धुळाक्षर

कागद कोरडा निघाला. ती जीभच होती, डिस्कला चिकटून वाकलेली. वाकवून सरळ केली, किर्र बंद.

आता मागचे उघडायचा विचार आहे. मागेही डिस्क आहे आणि हँडब्रेकची केबल त्याच कॅलिपरला येते. पिस्टन सी क्लॅम्पने आत जात नाहीये. आणखी जोर लावू?

स्पॅनरवाली

नको! क्लॅम्प खाली ठेवा. तो पिस्टन आट्यावर असतो, दाबत दाबत गोल फिरवून आत न्यायचा, त्याचं वेगळं हत्यार येतं. नुसता दाबलात तर आतली यंत्रणा मोडेल. आत गेल्यावर पिस्टनच्या तोंडावरच्या खाचा पॅडच्या मागच्या टोचणीसमोर आणून ठेवायच्या. आणि आत ढकलण्याआधी निपल उघडून नळी लावा, म्हणजे कॅलिपरमधलं जुनं काळं तेल एबीएसच्या ठोकळ्यात उलटं जाणार नाही.

मौनी

माझ्या मागच्या डाव्या ड्रमचा ॲडजस्टर आत्ताच काढला. त्यावर ‘उ’ लिहिलंय. आधी कुणीतरी हा उद्योग करून गेलंय.